तोट्याची पदवी

जेलरबाई ही काही खरीखुरी जेलर नव्हती. महिलांच्या तुरुंगातली साधी शिपाई. पण घरात, गल्लीत, कोपऱ्यावरच्या दुकानात सगळीकडे तिचं हेच नाव पडलं होतं आणि तिनेही ते कधी नाकारलं नाही. फुकटात मिळालेली बढती कोण परत करतं? आवाज असा खणखणीत, की ती स्वयंपाकघरातून नुसतं "जेवायला चला" म्हणाली तरी शेजारची पोरं घाबरून अभ्यासाला बसायची.

तर या बाईने चाळिशी उलटल्यावर ठरवलं, की आपण क्रिमिनल जस्टिसची पदवी घ्यायची. गुन्हा, कायदा, शिक्षा, सुटल्यावर कैद्याचं पुढे काय, हे सगळं त्यात शिकवतात. तीन वर्षं, संध्याकाळचे वर्ग. पदवी हातात आली की प्रोबेशन ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज करता येतो.

आता या घरात मोठा खर्च भाऊजींना विचारल्याशिवाय होत नाही. भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर, एका गोदामात हिशोबनीस. रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरतो, मधोमध रेघ मारतो, एकीकडे खर्च, दुसरीकडे कमाई, आणि शेवटी जो निकाल देईल तो सगळ्यांनी निमूट ऐकायचा. सासूबाईंची कवळीसुद्धा याच टेबलावर मंजूर झाली, आणि तीही दुसऱ्या सुनावणीत.

"वहिनी, फी धरली," भाऊजी म्हणाले. "पुस्तकं धरली. तीन वर्षं ओव्हरटाइम बुडणार, तोही धरला. अडीच लाखांच्या घरात जातंय."

"धरा की."

"आता कमाई. ऑफिसरचा सुरुवातीचा पगार तुमच्या आजच्या पगाराहून जेमतेम जास्त. पण रात्रपाळीचा भत्ता जाणार, गणवेशाचा जाणार. म्हणजे हातात येणार आजच्यापेक्षा कमीच! आणि जागा निघेल याची तरी काय खात्री? अहो, लोक शिकून वर चढतात. तुम्ही पदरचे पैसे भरून खाली उतरायला निघालात."

सासूबाई तोंडाला पदर लावून खुदखुदल्या. नवरा हसला नाही. तो कुरिअरची गाडी चालवायचा, दिवसभर लोकांची खोकी वर-खाली करून त्याची कंबर गेलेली, आणि गच्चीवर एक खोली बांधायची हे त्याचं किती वर्षांचं स्वप्न. "मग कशाला हा उपद्व्याप?" त्याने विचारलं. "मिरवायला?"

झालं. बाईचं डोकं फिरलं.

"मिरवायला? आमच्याकडे शिपायाने कैद्याजवळ बसायचं नाही, माहितीये? नियम आहे. उभं राहायचं, हुकूम सांगायचा, पुढे चालू लागायचं. एखादी काही सांगायला लागली तर म्हणायचं, मॅडम आल्या की सांग. मॅडम म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. कुणाला सोडायचं, कुठल्या घरी सोडायचं, ते ती लिहिणार. चार तुरुंगांत मिळून एकटी. गेल्या वर्षी एक पोरगी होती, एकोणीस वर्षांची, मोबाईल चोरून आलेली. माझी बाही धरून म्हणाली, बाई, मला घरी नका सोडू, माझा सावत्र बाप... आणि मी तिला तिथेच तोडलं. मॅडमना सांग म्हटलं. नियमच तो. मॅडम आल्या आठवड्याने, तोवर पोरीने तोंडाला कुलूप घातलेलं. एक शब्द बोलली नाही. अहवालात काय, तर घर व्यवस्थित आहे. गेली त्याच घरी."

टेबलावर चहा गार होत होता.

"किल्ल्या माझ्या कमरेला आणि ऐकायचा अधिकार दुसरीकडे," ती म्हणाली. "संताप येतो मला, कळतं का? त्या मॅडमचा नाही, ती बिचारी एकटी कुठे कुठे पळणार? माझा येतो. मला त्या खुर्चीवर बसून ऐकायचंय आणि ऐकलेलं सही करून लिहायचंय. भत्ता गेला खड्ड्यात."

नवरा जरा नरमला. "वाईट झालं गं. पण तू एकटी कुठे कुठे पुरी पडणार? आधी खोली होऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

भाऊजींनी घसा साफ केला. "व्यवहार आतबट्ट्याचा आहे वहिनी. मी तरी नाहीच म्हणेन."

"म्हणा," जेलरबाई कप गोळा करत म्हणाली. "फी मी शुक्रवारीच भरली. माझ्या पगारातून बाजूला टाकलेल्यातून."

नवरा ताडकन उठला. "भरली? मग सकाळपासून हा तमाशा कशाला मांडलास?"

"तोटा नेमका किती, ते ऐकायचं होतं. कळलं. परवडतो मला."

"अगं, पण एक वर्ष थांबली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

तिने कप खाली ठेवले. पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारी ऐकू जाणार नाही इतका खाली आला.

"ती पोरगी गुरुवारी परत आली. झडती मीच घेतली तिची. या वेळी मोबाईल नाही. बापाच्या पोटात सुरी खुपसलीय. मला ओळखलं तिने, आणि काय विचारलं माहितीये? म्हणाली, बाई, आता तरी मला घरी सोडणार नाहीत ना?"