मागच्या दारचं पाणी

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. पिंपळाखालची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... चहासोबत बरं जातं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डोळ्यांना दिसेल आणि मशीनमधून निघेल तेवढंच खरं मानते. माझ्या स्कूटीला कुणीतरी बांधलेलं लिंबू मी सोडून सरबतात पिळलेलं आहे, आणि सरबत चांगलं झालं होतं.

माझा अनुभव भर दुपारचा आहे. चौथ्या मजल्यावरचा, वॉशिंग मशीनच्या शेजारचा. हसायचं असेल तर हसा, मीही हसले होते.

आम्ही मूळचे पाचूबंदरचे, ख्रिस्ती कोळी. आता नायगाव पूर्वेला जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहतो — मी, नवरा आणि माझे पपा, बस्त्याव. पपांनी ऐंशी ओलांडलीय. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला, तेव्हापासून वॉकर धरून चालतात.

पपांनी आपल्या वडिलांना कधी पाहिलंच नाही. माझे आजोबा, पास्कू, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या नेव्हीत बॉयलरवर कामाला लागले. ते गेले तेव्हा पपा आजीच्या पोटात होते. आजोबा परत आले नाहीत, त्यांचं काही कळलंही नाही. आजीने ते मेले असं शेवटपर्यंत मानलं नाही. तिने पपांना होडीवर पाय ठेवू दिला नाही, आणि कुठल्याही फॉर्मवर वडिलांच्या नावामागे ‘लेट’ लिहू दिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “दर्यावर गेलाय.”

झटक्यानंतर हॉस्पिटलच्या खाटेवर पपा मला म्हणाले, “स्टेला, माजा बा मेला का जिता, येवढं माना कळू दे. मंग माजं काय व्हयाचं ते होऊ दे.”

म्हणून मी आजोबांचं नेव्हीचं रेकॉर्ड शोधायला घेतलं. ईमेलवर ईमेल! नावाच्या स्पेलिंगचे इतके प्रकार करून पाहिले की मलाच माझ्या आडनावाचा कंटाळा आला. शेवटी स्कॅन केलेलं एक पान आलं. नाव, गाव, स्टोकर म्हणजे बॉयलरचा भट्टीवाला हा हुद्दा, जहाज बुडाल्याचा उल्लेख, आणि शेवटी दोन शब्द — डिस्चार्ज्ड डेड. मेलेल्या खलाशालाही नेव्ही कामावरून कमी करते म्हणे. त्यात लपलेलं असं काही नव्हतं. मेले होते, संपलं. पपांनी ते पान बराच वेळ मांडीवर ठेवलं, मग म्हणाले, “आता त्याच्या नावाची मेणबत्ती लाव.”

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो. ज्यांची कबरच नाही त्यांच्यासाठी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर एक जुना क्रूस आहे. मी पपांना रिक्षात बसवून तिथे गेले. लहानपणी आजीचा पदर धरून मी तिथे जायची, ती मेणबत्ती कुठे लावायची ते मला पक्कं आठवत होतं. क्रूसाच्या पाण्याकडच्या बाजूला, खालच्या पायरीवर. मीही तिथेच लावली. आणि माझी जीभ... गप्प बसेल तर शपथ! पाण्याकडे बघून मी म्हटलं, “आजोबा, पत्ता बदललाय हं. आम्ही आता जूचंद्रला असतो, चौथा मजला.”

रिक्षावालाही हसला.

दोनच दिवसांत किचनमागच्या ड्राय बाल्कनीत वास यायला लागला. जळक्या काळ्या तेलाचा आणि त्यात खारा. मला वाटलं खालच्या मजल्यावर कोणाचा तरी जनरेटर. प्लंबर आला, ड्रेनेज पाहिलं, पैसे घेऊन गेला. वास तिथेच. बाल्कनीच्या ग्रिलवर कबुतरांचा नुसता उच्छाद असायचा, तीही यायची बंद झाली. खरं सांगते, मला आनंदच झाला.

मग एका दुपारी मी लॅबमधून जेवायला घरी आले, तर पपा किचनच्या सिंकपाशी वॉकर सोडून उभे. एका हाताने ओटा धरलेला, दुसऱ्यात तांब्या.

“पपा, काय करतोस? पडशील ना!”

“मागच्या दारी कोन उभा हाय बघ,” ते म्हणाले. “कवाचा उभा हाय. पाय धुवाला पानी दे त्याला.”

इथे आमची एक रीत सांगायला हवी. दर्यावरून आलेला माणूस आमच्याकडे पुढच्या दाराने घरात शिरत नसे. तो मागच्या दारी उभा राहायचा. घरातलं कोणीतरी तांब्याने त्याच्या पायांवर पाणी घालायचं, मगच तो उंबरा ओलांडायचा. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, नुसतं उभं राहायचं. पाणी पडल्याशिवाय आत पाऊल नाही.

मी पपांच्या हातातला तांब्या घेतला आणि त्यांना समजवायला वळले, की आपण चौथ्या मजल्यावर आहोत, तिथे फक्त मशीन आहे. तेव्हा मला बाल्कनीच्या दाराची धुरकट काच दिसली.

काचेमागे कोणीतरी उभं होतं.

खांदे, मान, खाली सोडलेले हात, सगळं काळं. चेहरा काचेला लागलेला नव्हता, दार ढकलायचा प्रयत्न नव्हता. ते ढकललं असतं, वाजवलं असतं, तर मी चोर समजून ओरडले असते. पण ते घरच्या माणसासारखं थांबलं होतं. मी हात लांब करून वरची कडी लावली, पपांना ओढतच हॉलमध्ये आणलं आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना चुकत चुकत म्हणत बसले. ज्या बाईने लिंबाचं सरबत केलं तीच ही!

त्यानंतर मी किचनमध्ये एकटी जाईनाशी झाले. नवरा बाल्कनीत जाऊन आला, म्हणाला काही नाही, तुला झोप कमी पडतेय. त्याला वासही येत नव्हता. पपा मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट चांगले आहेत. ते रिपोर्ट माझ्याच लॅबचे, मीच तपासलेले. पपा दुपारभर किचनच्या दिशेला तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, “बा ताटकळलाय गं. पानी घालू दे माना.” चेहऱ्यावर एवढा आनंद की मला बघवत नव्हता.

शेवटी मी रेजिनाआत्याला फोन केला. ती पपांची मोठी बहीण, अजून पाचूबंदरलाच राहते. मला वाटलं ती हसेल. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, “मेनबत्ती खय लावलीस?”

“आजी लावायची तिथेच. पाण्याकडे.”

आत्या फोनवरच ओरडली.

“अगो बाय... पान्याकडं लावतात ती जित्या मानसाची! दर्यावर हाय त्याला घर दिसावं म्हनून. मेलेल्याची गावाकडं लावतात, पाठीमागं. माज्या आयला तो मेलाच नाय वाटला, म्हनून ती पान्याकडं लावायची. तू मेलेल्याला घरा बोलावलंस!”

“मग पाणी घातलं तर काय होईल, आत्या?”

“घालू नको. मेलेला घरात ऱ्हात नाय, परत जानार. आनि येकटा जानार नाय. बस्त्यावला सांभाळ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पपांना मीनाताईंवर सोपवलं. काचेमागचं ते दिसल्यानंतर मी त्यांना पपांना सांभाळायला ठेवलं होतं, फार विश्वासाची बाई. “किचनमध्ये पाऊल टाकू देऊ नका,” असं बजावून मी पाचूबंदर गाठलं. आत्या गुडघे धरत क्रूसापर्यंत आली. पाण्याकडच्या पायरीवर माझ्या मेणबत्तीचं मेण अजून चिकटलेलं होतं. आत्याने ते नखाने खरवडून काढलं. मग आम्ही मागे गेलो आणि गावाकडच्या बाजूला नवीन मेणबत्ती लावली. वाऱ्याने दोनदा विझली. तिसऱ्यांदा आत्याने पदर आडवा धरला आणि म्हणाली, “पास्कू बा, तू मेलास. आता जा.” आठ दशकांत ते वाक्य आमच्या घरात कोणीच उच्चारलं नव्हतं. आत्या लहान पोरीसारखी रडायला लागली.

ज्योत धरली आणि माझा फोन वाजला. मीनाताई. त्या नुसत्या किंचाळत होत्या, “ताई, लवकर या, बाबा बघा काय करताहेत...”

रिक्षात मी किती वेळा मेले ते माझं मला माहीत.

घरी आले तर पपा किचनच्या फरशीवर बसलेले, बाल्कनीचं दार सताड उघडं, तांब्या आडवा पडलेला. मीनाताई हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्या फक्त चहा ठेवलेला गॅस बंद करून बाथरूमला गेल्या होत्या, तेवढ्यात पपांनी कडी काढली होती. ज्यांना आताशा चमचाही धरवत नव्हता त्यांनी वरची कडी काढली!

बाल्कनीच्या फरशीवर पाणीच पाणी होतं. फक्त उंबऱ्यालगत एक जागा कोरडी होती. टाच, तळवा, पाच बोटं. एका पायाची. बोटं आत, किचनकडे. भोवती पाणी साचलेलं आणि मधे ती जागा कोरडी ठाक. मी वाकून बोट लावून पाहिलं, बोट कोरडंच राहिलं.

पपांना मी मिठी मारली. जिवंत होते, ऊबदार होते. मी देवाचे आभार मानत होते आणि ते मला दूर ढकलत होते.

“येक पाय धुतला व्हता,” ते म्हणाले. “मी नाव सांगितला त्याला. मी बस्त्याव, तुजा पोर. त्याने माज्याकडं पायला, स्टेला. दुसरा पाय पुढं करत व्हता... आनि तू त्याला घालवलास.”

तेव्हापासून वास नाही. कबुतरं परत आली. मीनाताई मात्र परत आल्या नाहीत. पपा आता नीट जेवतात, तब्येत सुधारलीय, माझ्याशी औषधापुरतं बोलतात. मी त्यांचा जीव वाचवला की जन्मभर वाट पाहिलेलं माणूस त्यांच्या उंबऱ्यावरून हाकललं, हे मला ठरवता येत नाही. भीती मात्र गेलेली नाही. ज्याचा एक पाय घरच्या पाण्याने धुतलाय, तो बाहेरचा की आतला? आत्यालाही ते ठाऊक नाही.

नोव्हेंबर जवळ आलाय. काल पपा वॉकर घेऊन घरभर चालून दाखवत होते. म्हणाले, “या वर्साची मेनबत्ती मी लावनार. येकटा.”

कुठल्या बाजूला, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.