पैठण ते मढी, दीड वेळा

आत्यांच्या गुडघ्याने फेब्रुवारीत दगा दिला आणि मढीला मी जायचं ठरलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या नवऱ्याच्या मोठ्या आजारपणात त्या मढीच्या कानिफनाथांना नवस बोलल्या होत्या : बारा वर्षं पैठणहून गोदावरीचं पाणी पायी आणीन. अकरा झाली होती. नवरा बरा झाला तो औषधांनी, असं मी मानते; पण बाराव्या वर्षी हे तोंडावर म्हणायचं धाडस झालं नाही. आत्यांनी तांब्या झोळीत घातला, झोळी माझ्या गळ्यात अडकवली आणि एकच नियम सांगितला. "पानी सांडलं तरी चालंल. तांब्या भुईला टेकवायचा न्हाई."

काष्टीहून आम्ही पंधरा जण निघालो. नगरला गाडी बदलून पैठण. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेल्या पैशांचा नदीकाठी चहा झाला. धर्मशाळेत माणशी शंभर रुपयांत गादी मिळाली. पांघरूण घरचंच न्या.

पहाटे घाटावर पाणी भरलं. पुरुषांच्या खांद्यावर कावडी, आम्हा चौघींकडे तांबे. पैठण ते शेवगाव साधारण तीस किलोमीटर आणि सावली मोजकी. कारखान्यांचे हंगाम संपत आलेले; ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं घेऊन घराकडे परतत होते. वरून कुणीतरी ओरडायचं, "नाथाला आमचाबी रामराम सांगा!" कावडी विसाव्याला झाडाच्या फांदीला लटकत होत्या. मी तांब्या पोटाशी धरूनच बसत होते. पिठलं-भाकरीही एका हाताने खाल्ली. या दक्षतेचा मला थोडा अभिमान वाटू लागला होता, हे कबूल करते.

शेवगावच्या धर्मशाळेत व्यवस्थापकांनी आधार कार्ड मागितलं. पाकीट पिशवीच्या तळाशी होतं. मी झोळी गळ्यातून काढली, पायाशी ठेवली आणि दोन्ही हातांनी शोधू लागले.

"अगं बये, टेकवलास की!" मागून कौसाबाई ओरडली. ती आत्यांची मैत्रीण.

सगळे माझ्याकडे वळले. मग आमचे म्होरके नाना हसले. "जाऊ द्या वैनी. नाथबाबाला ठावं हाय, शिकलेल्या मान्साला कागूद दिसला की दुसरं काय सुचत न्हाई."

मला हसू आलं नाही. नानांनी माफ केलं होतं, पण नवस नानांचा नव्हता. आत्यांना सांगितलं नाही तर? पोहोचलेलं पाणी कुणी तपासणार नव्हतं. अर्धा तास असा घालवून मी फोन लावला. त्याही म्हणतील, जाऊ दे गं, अशी मनातून खात्री होती.

"टेकवला तवा भरल्याला हुता?" आत्यांनी विचारलं.

"हो."

"मग ते पानी झाडाला घाल. सकाळच्या गाडीनं पैठनला जा अन् फिरून भर."

आणि फोन ठेवला!

दुसऱ्या दिवशी बाकीचे मढीकडे निघाले आणि मी पैठणच्या एसटीत बसले. पाणी भरून तोच रस्ता पुन्हा धरला. भक्तीने चालत होते की ओशाळून? अजूनही नक्की सांगता येत नाही. पण एकटीला रस्ता जास्त दिसला, एवढं खरं. कालच्याच चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, "कालबी तुमीच हुत्या ना? काय इसरलं व्हय?"

"पाणी," मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

शेवगावला पोहोचले तेव्हा व्यवस्थापकांनी टेबलाशेजारचा खिळा दाखवला. "बाई, आधी ह्यो अडकवा. आधार मंग काढा." कार्ड मात्र त्यांनी पुन्हा तपासलंच.

पुढचा मुक्काम तिसगाव. तिथे उतरत्या उन्हात, एसटी थांब्याच्या बाकावर, काठी टेकून आत्या!

"आत्या, गुडघा?"

"त्यो न्हाई म्हनत हुता. त्याला इच्यारलं न्हाई."

कौसाबाईने फोनवर माझी सगळी बातमी पुरवली होती. सकाळी आत्या टेम्पोने मढीच्या पायथ्याला गेल्या, मी चालत. पायऱ्यांशी त्यांनी हात पुढे केला. "आन. तू दोनदा चाललीस, वरपातूर मी नेते." दर चार पायऱ्यांना थांबत, मला काठी धरायला लावत, तांब्या छातीशी घेऊन त्या चढल्या. समाधीपाशी पाणी वाहिलं. बारा पूर्ण झाली. लेकाचं नाव घेताना त्या अडखळल्या, आणि औषधांविषयीचं माझं मत मला त्या क्षणी फार महत्त्वाचं वाटलं नाही. उतरताना मात्र रेवड्यांच्या दुकानदाराशी त्यांनी घासाघीस केलीच.

घरी येऊन आठवडा झाला. पायाचे फोड सुकले. पुण्य वाटून घेता येतं का, माहीत नाही. आत्या त्याबद्दल बोलत नाहीत. काल त्यांनी तोच तांब्या चिंचेने घासला आणि मोरीच्या फरशीवर ठणकन आपटला. मी स्वयंपाकघरातून दोन्ही हात पसरून धावले.

"अगं, रिकामा हाय," त्या म्हणाल्या, आणि गुडघा धरून हसत सुटल्या.