लांब ओळीआधीचा श्वास

त्याला सगळे डबा म्हणत. लहानपणी घरातला एकही डबा त्याने सुखाने नांदू दिला नव्हता. पिठाचा असो की खिळ्यांचा, त्यावर बोटं पडलीच म्हणून समजा. पुढे ड्रम आले, मिशी आली, केस विरळ झाले, पण नाव काही सुटलं नाही. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत बँड उभा राहिला. ताई गाणार, भावजी गिटार वाजवणार आणि डबा दोघांच्या मागे बसणार.

ताईला लहानपणापासून दमा. लांब ओळीच्या आधी तिला जरा जास्तच हवा लागे. तिचा उजवा खांदा किंचित वर गेला, की डबा काठी हवेतच धरून ठेवी. भावजीही थांबत. ताई श्वास भरून घेई आणि मग तिघं एकदम ओळीवर पडत. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. ऐकणाऱ्यांना वाटे, वा, काय जागा काढलीय! जागा कसली, दमा होता तो.

मग गाण्यांची एक कंपनी आली. करारातलं कलम भावजींनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. गाणी तुमची, पण अल्बम कसा बनवायचा ते कंपनी ठरवणार.

"ठरवू देत की," ताई म्हणाली. "त्यांना कळतं त्यातलं."

तिघांनी सह्या ठोकल्या. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना माणूस इतका हसरा कसा दिसतो, देव जाणे. त्या दिवशीच्या फोटोत तिघांचेही दात दिसतात.

कंपनीचा निर्माता गोड बोलणारा होता. त्याने त्यांचं रेकॉर्डिंग लावलं, बोट वर केलं. "इथे तुम्ही थांबता."

"ताईसाठी," डबा म्हणाला.

"छान. पण आता थांबायचं नाही."

डब्याच्या कानात ठेक्याची टिकटिक बसवली गेली. त्याने मनापासून प्रयत्न केला. पण खांदा वर गेला की हात आपोआप थांबे. मग एका सकाळी तो स्टुडिओत पोहोचला, तर काचेपलीकडे त्याच्या जागी एक चष्मेवाला भाड्याचा वादक बसलेला. त्या गृहस्थाने चष्मा पुसला, सगळी गाणी न चुकता वाजवली आणि तो गेला. त्यानंतर निर्मात्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर ताईचे श्वास एकेक करून कापले. डबा शेजारीच बसला होता. आपल्याला राग येईल असं त्याला वाटलं. काहीच आलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो, पण आपला वाटत नाही, तसं झालं होतं.

"भावजी, तुम्ही काही बोलणार आहात का?"

भावजी तार पिळत राहिले. "ज्याची खावी पोळी..." एवढंच म्हणाले.

"कव्हरवर तर तूच आहेस ना," ताईने समजूत घातली.

अल्बम चालला. कार्यक्रम ठरले. निर्माता म्हणाला, "लोकांना अल्बममध्ये ऐकलं तस्संच हवं. तुला जमलं तर तू, नाहीतर तो चष्मेवाला येईल."

म्हणून डबा मागच्या खोलीत बसून स्वतःचाच अल्बम ऐकू लागला, त्या दुसऱ्या माणसासारखं वाजवायला शिकू लागला. वडील बाहेर मशीन उघडून बसले होते.

"हा हात तुझा नाही रे," ते म्हणाले.

"नाव माझंच आहे, बाबा."

वडिलांनी मशीनला तेल सोडलं, चाक फिरवून पाहिलं.

न थांबण्याची युक्ती शेवटी सापडली. ताईच्या खांद्याकडे बघायचंच नाही. ड्रमच्या कडेवर एक गंजका स्क्रू होता, त्यावर नजर ठेवायची.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. लांब ओळ आली. डब्याने स्क्रू पाहिला आणि वाजवत राहिला. पुढे ताईचा आवाज अर्ध्यातच तुटला. उरलेली अर्धी ओळ लोकांनी म्हटली. त्यांना अल्बम पाठ होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने मागे वळून पाहिलं. छाती भात्यासारखी हलत होती. नजरेत राग नव्हता. गर्दीत ओळखीचं माणूस शोधावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती. डब्याला ते दिसलं. पण कानात पुढच्या गाण्याची टिकटिक सुरू झाली होती.

"जमलं की रे!" पडद्यामागे निर्मात्याने त्याची पाठ थोपटली.

ताई खुर्चीत बसून दम्याचा पंप ओढत होती. हवा पुरेशी झाल्यावर म्हणाली, "उद्यापासून ती ओळ मी तोडून गाते. तू नको थांबूस."

"नाही थांबत," डबा म्हणाला.