लाल पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं

बॉयलरतात्यांना लिहिता-वाचता येत नाही, हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे त्यांची बायको.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळला. वाफेचा दाब त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचा. आकडे येत होते, त्यामुळे नोंदवही भरता यायची. अक्षरं मात्र शत्रूच. सही म्हणून नावाचं चित्र काढायला बायकोनं शिकवलं होतं, तेवढ्यावर गाडं चाललं होतं. एखादा कागद पुढे आला की तात्या खिसे चाचपत आणि चष्मा घरी राहिला म्हणत. मग समोरचा वाचून दाखवी. एका फोरमननं एकदा विचारलंही, की तात्या, तुमचा चष्मा दिवसभर घरी बसून करतो तरी काय? सगळे हसले, तात्याही हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बायकोचा पाठचा भाऊ त्याच कारखान्यात रंगाच्या टाक्या धुवायचा. तात्यांनीच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. एका दुपारी पाळी बदलताना फोन आला, की चार नंबरच्या टाकीला वाफ सोडा. तात्या व्हॉल्व्हपाशी गेले. चाकाला तारेनं एक लाल पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. पुठ्ठे तिथे नेहमीच लटकत असत. कधी रंग ओला असल्याचे, कधी तपासणीच्या तारखेचे. काम झालं तरी ते काढायची तसदी कोणी घेत नसे. एरवी तात्यांनी चष्म्याचं निमित्त करून कुणाला तरी विचारलं असतं. त्या वेळी आसपास चिटपाखरू नव्हतं आणि वरून घाई चालली होती. पुठ्ठा जुनाच असणार असं धरून त्यांनी चाक फिरवलं.

टाकीत मेहुणा होता.

आवाज ऐकून तात्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. माणसं धावत येण्याआधी तात्यांच्या हातानं तो पुठ्ठा ओढून काढला आणि भट्टीत टाकला. का, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. चौकशीत टाकी उघडून देणारा फिटर शपथेवर सांगत होता, की टाकी उघडल्यावर आपण स्वतः चाकाला पुठ्ठा बांधला होता. साहेबांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "नव्हता."

एवढ्या एका शब्दावर फिटरची नोकरी गेली. सगळं खापर त्याच्यावर फुटलं. तात्यांची बायको उठता-बसता त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि तात्या मान खाली घालून जेवायचे. स्वतःपुरती त्यांनी एक समजूत करून घेतली होती. पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं हे आपल्याला कुठे माहीत आहे? रंगाचं असेल. जुन्या तारखेचं असेल. या 'असेल'वर त्यांनी अकरा वर्षं काढली.

मधल्या काळात कारखाना बंद पडला. तात्यांना विद्यापीठात झाडलोटीचं काम मिळालं, इंग्रजी विभागाच्या इमारतीत. तिथे शिकवणाऱ्या एका मॅडमनी एकदा त्यांच्या हाती एक कागद दिला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लावायला सांगितलं. वस्तीतल्या लोकांसाठी विभाग दर शनिवारी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग घेणार, अशी ती सूचना होती. तात्यांनी ती उलटी लावली. मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या हसल्या नाहीत. कागद काढून त्यांनी सरळ लावला आणि म्हणाल्या, "शनिवारी तीन वाजता झाडू बाजूला ठेवा आणि तुम्हीही बसा."

वर्गात आठ-दहा जण होते. एका टेम्पोवाल्याला पक्कं लायसन हवं होतं. एका आयाबाईंना औषधाच्या बाटल्यांवरची नावं वाचायची होती. एक शिंपीणबाई होत्या, त्या म्हणायच्या, "'क्ष'ला टाके फार लागतात हो." विभागातली मुलं-मुली एकेकाशेजारी बसून हात धरून गिरवून घ्यायची. आधी आपली अक्षरं, मग इंग्रजी. साठीला आलेले तात्या शाळकरी पोरासारखी वही छातीशी धरून घरी जायचे. बायको हसायची, पण भाजी चिरता चिरता त्यांच्याकडून धडा म्हणून घ्यायची. इतके बरे दिवस त्या घरानं फार वर्षांत पाहिले नव्हते.

सातव्या महिन्यात मॅडमनी सरावासाठी खऱ्याखुऱ्या पाट्या आणल्या. दुकानांच्या, दवाखान्यातल्या, कारखान्यांतल्या. एकेक उचलायच्या आणि वाचायला लावायच्या. तात्यांच्या वाट्याला लाल पुठ्ठा आला.

अक्षरं कळायच्या आधीच त्यांना आकार ओळखू आला. पहिल्या शब्दात गोल शेवटी, दुसऱ्यात मधे, तिसऱ्यात सुरुवातीला. खाली आणखी दोन शब्द. तोच पुठ्ठा, तीच मांडणी. त्यांनी एकेक अक्षर लावत 'डू नॉट ओपन, मॅन इनसाइड' असं वाचलं आणि शिकवल्याप्रमाणे अर्थ सांगितला.

"उघडू नका. आत माणूस आहे."

एकही चूक झाली नव्हती. मॅडम शाबास म्हणाल्या, वर्गानं टाळ्या वाजवल्या. तात्या पाणी पिऊन येतो म्हणून उठले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पाणी त्यांनी प्यायलंच नाही.

पुढच्या शनिवारी मॅडमनी आपल्या आयुष्यातली एखादी गोष्ट लिहायला सांगितली. चांगल्या गोष्टी विभाग पुस्तिकेत छापणार होता. तात्यांना नऊ ओळी लिहायला तीन आठवडे लागले. मॅडमनी वही वाचली.

"हे खरं आहे, तात्या?"

"हो."

"मग हे पुस्तिकेसाठी नाही. हे ज्याला वाचायला द्यायला हवं, त्याला द्या."

फिटर आता एका शीतगृहाच्या फाटकावर रखवालदार होता. केस पांढरे झालेले, गुडघे गेलेले. तात्यांनी वहीतलं पान पुढे केलं. फिटरनं ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. तात्यांना वाटलं, आता हा उठून चार थोबाडीत देईल. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं.

"माझी बायको जाईपर्यंत विचारत होती," फिटर म्हणाला, "खरं सांगा, बांधला होतात का? मी बांधला होता म्हणायचो. पुढे पुढे मलाच खात्री वाटेना. वाटायचं, नसेलच बांधला. माझ्याच हातून माणूस मेलं."

तात्यांनी हात जोडले. फिटरनं त्याकडे पाहिलंही नाही.

"खाली नाव आणि तारीख घाला. चित्र नको, नीट अक्षरात."

तात्यांनी लिहून दिलं. फिटरनं पानाची घडी करून आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, परत इकडे येऊ नका.

घरी आल्यावर तात्यांनी तेच पुन्हा लिहून काढलं आणि बायकोला समोर बसवून वाचून दाखवलं. अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला वाचता येत नाही, हे मी जगापासून लपवलं. तुमची अब्रू राहावी म्हणून. आणि तुम्ही माझ्यापासून हे लपवलंत." दुसऱ्या दिवशी दोन लुगडी पिशवीत घालून ती भावजयीकडे निघून गेली.

फिटरनं तो कागद सरकारी कचेरीत नेला. तिथे त्याला सांगण्यात आलं, की कारखाना मिटला, मालक उरला नाही, प्रकरण केव्हाच बंद झालं. मग त्यानं त्याच्या प्रती काढल्या आणि जुन्या कामगारांच्या घरोघरी जाऊन एकेक दिली. महिन्याभरात सगळ्यांना कळलं. चहाच्या टपरीवर तात्या आले की बाक रिकामं होऊ लागलं. फोरमन एकदा रस्त्यात भेटला, तो पलीकडून निघून गेला. पोलिसांत कोणी गेलं नाही. गेलं असतं तर तात्या स्वतःच्या पायांनी चालत गेले असते.

शनिवारचा वर्ग त्यांनी सोडला. मॅडमनी दोनदा विचारलं. वेळ मिळत नाही, असं तात्यांनी सांगितलं. मॅडमची खोली मात्र ते रोज झाडत राहिले.

तीन महिन्यांनी बायको परत आली. भावजयीनं तिला ठेवून घेतलं नव्हतं. त्या बाई म्हणाल्या होत्या, की तुम्हाला बघितलं की मला टाकीतले ते दिसतात. तेव्हापासून नवरा-बायको एका छपराखाली राहतात. ती त्यांचं ताट वाढून ठेवते आणि स्वतः नंतर जेवते. बोलणं कामापुरतंच होतं. भावाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, फिटरचंही नाही.