भिंत ढकलायचा इलाज

मला त्या डॉक्टरचा संशय आला, खरं सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, बारावी झालेली, पोलीस भरतीसाठी मी गोळाफेक शिकत होते आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईनाच. वहिनी पाठ चोळायला बसली आणि थांबली. "वन्सं, हे हाड का वर आलंय?"

आधी हाडवैद्य झाला. त्यानं ओढून घट्ट पट्टा बांधला. आठ दिवसांनी सोडला तर खांद्याचं पातं आणखीच वर. मग दादानं संगमनेरला व्यायाम देणाऱ्या डॉक्टरकडं नेलं. आधी तो एकटाच आत गेला, मला नंतर बोलावलं. हेच मला खटकलं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही हातांनी भिंत ढकल. ढकलली, तर पातं कोंबडीच्या पंखासारखं उभं राहिलं. म्हणाले, हाड चांगलंय, पात्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस दबलीय. "खांद्यावर काय वाहतेस?"

दादा लगेच म्हणाला, "आमच्यात पोरी वझं वाहत न्हाईत."

मी म्हटलं, "पंप." डाळिंबाला औषध फवारायचं काम माझ्याकडंच होतं. पंपाचा उजवा पट्टा तुटला म्हणून दादानंच तिथं दोरी बांधलेली. भरलेला पंप, बारीक दोरी, सगळा हंगाम.

गोळ्या नाहीत, सुई नाही. पंप बंद, रोज भिंत हळू ढकलायची, नस जागी व्हायला काही महिने, आणि यंदाची भरती विसरायची.

एसटीत दादा म्हणाला, "भिंत तर आपल्या घरीबी हाय. ह्यानं कशाचे पैसे घेतले?"

मला वाटलं, भरती बंद करायचं दादानंच डॉक्टरला पढवलं. त्याला माझी भरती नकोच होती. तरी रोज ढकलायचे, आणि वहिनी पात्याखाली बोटं घालून बघायची. आधी दोन पेरं आत जायची, मग एक, मग नुसती नखं.

पुढच्या वेळी डॉक्टरकडं वहिनीला घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "दादा तुम्हाला काय म्हणाला होता?"

"पुढच्या भरतीपर्यंत हात बरा होईल का, एवढंच."

घरी दादाला विचारलं. "मी कशाला इचारीन? लई शानी हुऊ नको," म्हणाला.

दोघांतलं कोण खोटं बोलत होतं, अजून माहीत नाही. पुढच्या वर्षी भरतीचा फॉर्म मात्र दादानंच आणून दिला. तो सुद्धा मी दोनदा वाचला, मगच सही केली.