ब्रेकमास्तरांची खेळखोली

गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर शिकणाऱ्याच्या शेजारी बसत. तिथे त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि निम्मं आयुष्य त्यांनी तो दाबण्यात घालवलं होतं. म्हणून सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. सवय इतकी अंगात मुरली होती की घरी सोफ्यावर बसून बातम्या ऐकताना निवेदक जरा भरभर बोलायला लागला, तरी त्यांचा पाय आपोआप फरशीत रुते. बायको घाईने उठली तरी तेच.

"अहो, पाणी आणायला चाललेय मी," ती म्हणे, "दरीत नाही."

असा हा जपून जगणारा माणूस एका गोष्टीपुढे मात्र वेडा होता. जुने व्हिडिओ गेम.

त्याचं मूळ लहानपणात होतं. थोरल्या भावाकडे एक व्हिडिओ गेम होता. भाऊ खेळायचा आणि दुसरा रिमोट धाकट्याच्या हातात द्यायचा. मास्तर जीव खाऊन बटणं दाबत, आणि दोघे मिळून राक्षसांचा फडशा पाडत. पुढे भाऊ शिकायला परगावी गेला. त्याची खोली झाडताना मास्तरांना दुसऱ्या रिमोटच्या वायरचं टोक गालिच्याखाली सापडलं. ते कधी कशालाच जोडलेलं नव्हतं.

त्यांनी भावाला फोन करून जाब विचारला.

"अरे, पण तू खूश होतास ना?" भाऊ म्हणाला.

"होतो," मास्तर म्हणाले. दुखणं नेमकं तेच होतं.

मुलगी नोकरीसाठी दुसरीकडे राहायला गेली, तिची खोली रिकामी झाली आणि मास्तरांनी इतक्या वर्षांचं उट्टं काढायला घेतलं. शिकवण्याच्या वेळेत ते शिकणाऱ्यांना हमखास जुन्या सामानाच्या दुकानासमोर गाडी लावायला सांगत.

"मास्तर, रोज इथेच का?"

"इथली जागा फार अवघड आहे," मास्तर म्हणत. जागा एवढी ऐसपैस होती की तिथे आगगाडीही आडवी लावता आली असती. शिकणारा गाडी मागेपुढे करत राही आणि मास्तर दुकानातून गेमची एखादी धुळकट कॅसेट शर्टाला पुसत बाहेर येत. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं डोळे मिटून भंगाराच्या दुकानापुढे गाडी लावत. इतर ठिकाणी त्यांची तारांबळ उडे.

जुने गेम जुन्या टीव्हीवरच खुलतात, म्हणून मास्तरांनी जाड पाठीचा एक डबा टीव्हीही मिळवला. तो मागच्या सीटवर बसवून, पट्टा लावून घरी आणला. पुढच्या सीटवरच्या शिकणाऱ्यापेक्षा टीव्हीलाच जास्त सांभाळलं.

बायको दवाखान्यात परिचारिका होती. शिस्तीत वाढलेली आणि शिस्तीत वाढवणारी. तिने एकच नियम घातला: एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे. मास्तरांनी निमूटपणे आपल्याच वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. छत्री गेली, कोट गेले, बुटांचे जोड गेले. एकदा नात्यातल्या लग्नाला निघायच्या वेळी कपाट उघडलं, तर आत एकच पँट उरली होती, आणि तिच्याही खिशात कॅसेट निघाली.

खोली मात्र देखणी झाली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर यंत्रं, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं झाकण. दारात पायपुसणं. फक्त एक अडचण होती. मास्तरांना खेळता येत नव्हतं. शर्यतीच्या गेममध्ये त्यांची गाडी वळणापाशी हळू होई, मागच्याला जाऊ देई, आणि रस्त्यावर पांढरे पट्टे दिसले की थांबे. बाकीच्या गाड्या पुढच्या फेरीला येऊन मागून धडकत. मास्तर टीव्हीला म्हणत, "अंतर ठेवा की हो!"

त्याच सुमारास शाळेत केकवाल्या बाई आल्या. घरी केक करून विकणाऱ्या, गोऱ्यापान, ठेंगण्या, साठीच्या घरातल्या. केक पोचवायला गाडी हवी होती, पण परीक्षेत सारख्या नापास होत होत्या. चाक हातात आलं की बाईंची मान ताठ आणि श्वास बंद. समोर कबूतर दिसलं तरी डोळे मिटून घेत.

"तुम्हाला नेमकी भीती कसली वाटते?" मास्तरांनी विचारलं.

"आपटण्याची."

मास्तर विचारात पडले. मग म्हणाले, "माझ्याकडे एक जागा आहे. तिथे हवं तेवढं आपटा."

बाई घरी आल्या, सांगितल्याप्रमाणे हात धुतले आणि शर्यतीला बसल्या. पहिल्याच वळणावर झाडाला धडकल्या. किंचाळल्या. मग पडद्यावर गाडी जशीच्या तशी पुन्हा उभी राहिलेली पाहून म्हणाल्या, "अगंबाई! परत?"

"परत," मास्तर म्हणाले.

त्या झाडावर आपटल्या, दगडावर आपटल्या, नदीत गेल्या. प्रत्येक वेळी "मेले!" आणि लगेच "परत!" बंद दाराबाहेर हे सगळं ऐकू जात होतं. संध्याकाळी बायको कामावरून परतली, तेव्हा शेजारीण जिन्यातच वाट बघत उभी होती.

"तुमच्याकडे कोण आलंय माहितीये का?" शेजारीण डोळे मोठे करून म्हणाली. "मघापासून एक बाई ओरडतेय. मला तर बाई काही ठीक लक्षण दिसत नाही."

बायकोने चपला काढत शांतपणे सांगितलं, "आमच्या ह्यांना वळायच्या आधी तीनदा आरसा बघावा लागतो. लफडं करायला थोडी तरी घाई लागते हो."

तरी ती आत डोकावली. मास्तरांनी ओळख करून द्यायच्या आतच बाईंनी दुसरा रिमोट तिच्या हातात कोंबला. "या, या. एकटीला मजा नाही."

बायको बसली ती बसलीच. दिवसभर रुग्णांशी गोड बोलून थकलेला जीव. पडद्यावर तिने अशी काही गाडी हाणली की बाईंच्या गाडीची चाकं वर झाली. दोघी खिदळत होत्या. मास्तर मात्र मागे उभे राहून घामाघूम झाले होते. "वळण आलं! हळू! अहो, हळू!" शेवटच्या फेरीत दोघी बरोबरीने रेषेकडे सुसाट निघाल्या, तशी मास्तरांना राहवलं नाही. पाय जोरात खाली गेला, तो थेट जमिनीवर ठेवलेल्या विजेच्या बोर्डाच्या बटणावर.

पडदा काळा झाला.

"जिंकत होते मी," बायको हळूच म्हणाली. मास्तरांना त्या हळू बोलण्याची भीती वाटली.

त्या दिवसापासून खोलीत मास्तरांनी पलंगावर मांडी घालूनच बसायचं, असा दुसरा नियम झाला.

बाई आठवडाभर येत राहिल्या. मग परीक्षेचा दिवस आला. परीक्षक दगडी चेहऱ्याचा होता. चढावर बाईंची गाडी बंद पडली. पूर्वी असतं तर त्या रडल्या असत्या. या वेळी त्या मोठ्याने म्हणाल्या, "परत!" आणि किल्ली फिरवली.

"कुणाशी बोलताय?" परीक्षकाने विचारलं.

"स्वतःशी," बाई म्हणाल्या, आणि गाडी चढावरून झोकात वर नेली. पास झाल्या.

झालं, ही बातमी शाळेत पसरली आणि घाबरट शिकणाऱ्यांची मास्तरांच्या घरी रांग लागली. मास्तर आधी फुशारले, मग हवालदिल झाले, कारण प्रत्येक झाकणावर बोटांचे ठसे दिसू लागले. शाळेच्या मालकांच्या कानावर गेलं, तेव्हा ते भडकले.

"मास्तर, ही शाळा आहे. पोरखेळ नाही."

पण नशिबाने वेगळंच वळण घेतलं. केक पोचवायला दूरच्या वस्तीत गेलेल्या बाईंना व्हिडिओ गेमचं एक बंद पडलेलं खेळघर दिसलं. आत नाणं टाकलं की खेळायला तीन जीव देणारं, कपाटाएवढं उभं यंत्र होतं, आणि जागेच्या मालकाला ते कुणीतरी फुकट का होईना, पण उचलून न्यायला हवं होतं. बाईंनी फोन करताच मास्तर शिकवणी अर्धी टाकून पोचले. टेम्पो आला, हमाल आले, पण यंत्र मास्तरांच्या दारातून आत शिरेना. आडवं केलं, तिरपं केलं. बायकोने दाराची बिजागरं काढायलाही परवानगी दिली. तरी यंत्र आत गेलं नाही.

टेम्पोवाला वैतागला. "एक जागा सांगा आणि मला मोकळं करा!"

रुंद दाराची एकच जागा मास्तरांना आठवली. त्या दिवशी मालक बाहेरगावी होते. यंत्र शाळेच्या बाहेरच्या खोलीत, बाकड्याशेजारी उभं राहिलं.

मालक परतले, त्यांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उद्या सकाळी हे इथे दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मास्तर माफीची वाक्यं घोकत नेहमीपेक्षा लवकर आले. शाळेचं दार आधीच उघडं होतं. मालक यंत्रावर ओणवे झाले होते, टाय खांद्यावर टाकलेला, कपाळावर घाम.

"साहेब, गाडीची किल्ली हवी होती," मास्तर चाचरत म्हणाले.

मालकांनी मान वळवली नाही. "थांबा हो जरा," ते म्हणाले. "अजून एक जीव शिल्लक आहे."