झिंगू मिस्त्रीचे दोन तवे

"सहा इकडं, सहा तिकडं! मंग चाक बसत काऊन नाई?"

"मालक, तुमच्या पायाले पाच बोटं, माह्याबी पायाले पाच. घाला बरं माही वाहण!"

हे भांडण मी कुडाआडून ऐकलं, पण चोरून नाही. आलापल्लीला आमचं घर आणि झिंगू मिस्त्रीचा भाता यांच्या मधे एक बांबूचं कूड होतं, आणि ट्रकमालक गुणवंतराव असे ओरडत की माझ्या सुपातले तांदूळ उडत. साल पंचावन्न असावं. माझी पहिली मुलगी तेव्हा रांगत होती, त्यावरून सांगते.

झालं होतं असं. गुणवंतरावांचा एकच ट्रक, लढाईतून मोडीत निघालेला. सागाचे ओंडके वाहून त्याचे मागचे पाटे, ओझं झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, तुटले. नाक्यापलीकडं गवतात दुसऱ्या जातीचा एक मेलेला ट्रक पडला होता. त्याची चाकं केव्हाच कोणी काढून नेलेली, पण मागचा आस आणि पाटे धडधाकट. झिंगूने ते मागचं अख्खं अंग उचललं आणि या ट्रकाला जोडलं. एका बैलाला दुसऱ्याचे मागचे पाय लावावे तसं! जोड झकास बसली. मग जुनी चाकं चढवायला गेले, तर आसाचे सहा बोल्ट जवळ जवळ आणि चाकाची सहा भोकं दूर दूर. आकडा जुळला, जागा जुळली नाही.

मिरगाला बारा दिवस उरले होते. भामरागडची वाट नाल्यांनी एकदा धरली की दिवाळीपर्यंत सोडत नाही. मागच्या साली एक पाटा तुटून मीठ नेणारा हाच ट्रक अर्ध्यातूनच परतला होता, आणि झिंगूची धाकटी बहीण मंगली तिकडच्याच गावात दिलेली. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, चार महिने अळणी पेज पेलो. लेकरू तोंड फिरवे." ती जाताना झिंगू तिला एवढंच म्हणाला, "यंदा मीठ येते."

म्हणून तो गुणवंतरावांना भीत नव्हता, मिरगाला भीत होता.

"मधात लोखंडाचे तवे टाकतो," तो म्हणाला. "आतल्या भोकांनी तवा आसाले धरील, बाहेरच्या बोल्टांनी चाकाले."

"तवा? भाकरी थापतं का ट्रकावर?"

"चाक फिरलं पाह्यजे मालक, मंग भाकरी बी थापतो."

आरागिरणीत दोन बोटं जाड पोलादाचे तीनच तुकडे मिळाले. तवे हवे होते दोन. ड्रायव्हर पत्रू म्हणाला, "एक चुकला तं चालते. दुसरा चुकला तं मीठ तू डोक्शावर नेजो."

माप घ्यायला झिंगूने काय घ्यावं? बायकोनं, रुखमानं, सकाळी टाचलेली पळसाची पत्रावळ! आसाच्या बोल्टांवर दाबली, सहा भोकं पडली, खूश. पत्रावळ भात्याजवळ ठेवून जेवायला गेला. जेठातलं ऊन, त्यात भात्याची धग. जेवून आला, पत्रावळ पोलादावर ठेवली, खुणा केल्या आणि गिरणीतल्या यंत्रावर भोकं पाडून आणली. तवा बसेना. एकेक भोक आत सरकलेलं.

रुखमा बघत होती. "पान वाळलं का आकसते," ती म्हणाली. "हे मले पुसाचं होतं. पत्रावळीवर जेवतेत मिस्त्री, मापं घेत नाईत."

झिंगू भात्याशी बसून राहिला. उरलेले दोन तुकडे समोर, आणि हात लावायची हिंमत नाही. मी दोन वेळा कुडावरून पाहिलं, तसाच बसलेला.

रुखमा लग्नघरी भिंतीवर सहा पाकळ्यांचं फूल काढायची. तिनं सूत आणलं.

"या बोल्टापासून शेजारच्या बोल्टापावतर सूत धरा. तेवढंच सूत मधातल्या खिळ्याले बांधा अन् गोल काढा. मंग तेच सूत गोलावर टाकत जा. सहा खेपेत जिथून निघालं तिथीच येते."

"कोणं सांगतलं तुले?"

"फुलानं."

त्याला पटेना. मग तिनं आमच्या अंगणातच गेरूनं गोल काढला. खिळा मी धरला होता, मुलगी कडेवर. एक, दोन, तीन... चौथ्याला झिंगू उठून उभा राहिला. सहावी खूण पहिलीवर अशी येऊन बसली की मला खिळा सोडून टाळी वाजवावीशी वाटली! "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा तशीच आली. मग त्याने चाकाच्या भोकांचंही तसंच करून पाहिलं, आणि सूत ताणतं म्हणून ते टाकून बारीक तार घेतली. पानाकडून एकदा शिकला होता ना.

दोन दिवस गिरणीत भोकं पडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव ट्रकाभोवती. पहिला तवा आसावर चढला, त्यावर चाक उचललं. पाच बोल्ट आत गेले. सहावा दिसेना. झिंगूने चाकाला खांदा दिला, आणि 'टक्' आवाज आला. मग जी ओरड उठली, तिनं कोंबड्या घरांवर चढल्या. गुणवंतराव धोतर खोचून ट्रकावर चढले आणि उड्या मारून नवे पाटे पाहू लागले. "बसलं रे बसलं!" जसं काही त्यांनीच बसवलं.

दुसरं चाकही चढवून त्याच दुपारी मिठाची पोती घेऊन ट्रक निघाला. चौथ्या दिवशी पत्रू परत आला तो भोंगा वाजवतच. मंगलीनं भावाला द्रोणभर चारं, चारोळीची पिकली फळं, पाठवली होती. झिंगूने ती सगळी रुखमाच्या पदरात ओतली, आणि ती एवढी लाजली की घरात पळाली.

पुढं मालक बदलले, ट्रक बदलले. मिठाचा फेरा झिंगूने सोडला नाही. दर जेठात पत्रूच्या शेजारी बसून स्वतः जायचा. त्याच्या शेवटच्या फेऱ्याच्या साली त्याला डोळ्यांनी कमी दिसत होतं. चाकाचे नट त्याने हातानं चाचपले, पान्यानं आवळले आणि ट्रकात चढला. मंगलीच्या दारात मिठाचं पोतं उतरवलं, पेज प्याला, परत आला. रिकामी पोती माझ्या कुडावर झटकली, घडी केली आणि म्हणाला, "बाई, पोचलं." मग हातपाय धुवायला विहिरीकडं गेला.